पळताना न हलणारी बॅग

कारची सीट कव्हरं बसवायला तास-दीड तास लागतो. गिऱ्हाईक तेवढा वेळ दुकानातच बसून राहतं, आणि बसलेला माणूस बोलतो. त्यामुळे आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत राव, ते आपोआप साठतात.

चाकणला तळेगाव रस्त्यावर माझं दुकान आहे. वडील रिक्षाचे टप शिवायचे, मी टेम्पोची आणि कारची सीटं शिवतो. इतकी वर्षं माझ्याकडे सगळे किस्से ड्रायव्हर लोकांचे होते. पण गेल्या चार-पाच वर्षांत जे जमलेत ते पळणाऱ्यांचे. म्हणजे डोंगरात तीन-तीन दिवस पळणाऱ्यांचे, आणि तेही पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन. मी स्वतः सुटलेली बससुद्धा जाऊ देतो, पण यांच्या बॅगा माझ्या मशीनखालून जातात. म्हणून हे किस्से माझ्याकडे.

*

सुरुवात गोविंदपासून झाली. गोविंद मूळचा बीडकडचा. इथे एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आहे, राहायला कुरुळीत. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर आला आणि शर्ट वर करून पाठ दाखवली. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सोलून निघाली होती.

मला वाटलं, मशीनवर काहीतरी झालं. तर तो म्हणाला, "बॅगनं केलंय भाई. मी पळायलो की ती पण पळायलीय, पण वेगळ्या तालात."

मग त्याने समजावून सांगितलं. या खेळात वाटेत कुणी पाणी द्यायचं नाही, जेवण आणायचं नाही, मागे गाडी नाही. विहिरीचं पाणी चालतं, कारण ते कुणालाही मिळतं. बाकी खाणं, पांघरूण, औषध, बॅटरी, सगळं पहिल्या पावलापासून पाठीवर. याला ते लोक अनसपोर्टेड म्हणतात. गोविंदची बॅग कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये फुकट मिळालेली होती. तिला छातीवर आणि कमरेला पट्टा लावून हवा होता.

सीट बेल्टची पट्टी माझ्याकडे शिल्लक असतेच. लावून दिले पट्टे. उभा असताना बॅग झकास बसली. गोविंद म्हणाला, उभ्या माणसाच्या पाठीवर गोणीपण बसते, पळताना बघा. म्हणून आत पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि तो रस्त्याच्या कडेने पळायला लागला. बॅग कुठे उडते ते बघायला मी त्याच्यामागे.

पन्नासेक पावलांवर त्याचं कमरेचं बकल सुटलं. त्याला ते कळलंच नाही. मी मागून ओरडलो, "अरे थांब, थांब, बॅग!" आणि माझ्या हातात कात्री होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

चहाच्या टपरीवरच्या चौघांनी गोविंदला धरलं. एका टेम्पोवाल्याने गाडी आडवी लावली. मी पोचेपर्यंत एकाने त्याची कॉलर पकडली होती आणि दुसरा हात उगारून माझीच वाट बघत होता. मी धापा टाकत म्हणालो, सोडा त्याला, बॅग त्याचीच आहे.

"मग तुम्ही कशाला पळताय?"

दम लागला होता, लांबलचक काही सांगता येईना. म्हणालो, "शिलाई बघतोय."

चोरी झालीय यावर त्यांचा एका सेकंदात विश्वास बसला होता. शिलाईवर बसायला दहा मिनिटं लागली. गोविंदला एकही फटका बसला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तेव्हापासून बॅगची चाचणी आम्ही दुकानामागच्या मोकळ्या जागेत घेतो.

*

गोविंदबरोबर मग त्याच्या पळण्याच्या ग्रुपमधली मेघना यायला लागली. ती चिपळूणची. हिंजवडीत आयटीत आहे, मारुंजीला भाड्याने राहते. तिची बॅग परदेशातून मागवलेली. कापड असं की हातावर ठेवलं तर आहे की नाही कळू नये. पण तिला ती बसत नव्हती.

मी विचारलं, कुठे टोचतंय? ती म्हणाली, इथेच, असंच, जरा पट्टा वेगळा हवाय. मी पट्टा सरकवला. आठवड्याने परत आली. पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा आली तेव्हा चेहरा पडलेला होता. म्हणाली, बहुतेक माझीच चण चुकीची आहे, तीन दिवसांचं पळणं मला जमणार नाही.

तेवढ्यात माझी बायको नसरीन चहा घेऊन खाली आली. ती वरच्या मजल्यावर बायकांचे ब्लाउज शिवते. तिने मेघनाकडे पाहिलं, बॅगकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा."

स्वतःच्याच दुकानाबाहेर मी पंधरा मिनिटं उभा होतो. एक ओळखीचा रिक्षावाला येऊन विचारून गेला, काय भाई, दुकान बंद केलं का?

आत बोलावलं तेव्हा दोघी हसत होत्या. नसरीनच्या हातात मापाची चिठ्ठी होती. म्हणाली, "बॅग पुरुषाच्या छातीवर बेतलीय. हिची काय चूक?" तिने सरळ ब्लाउजचं माप घेतलं होतं. पट्टे काखेशी गोलाईत आले, छातीवरचा बेल्ट वर गेला आणि खाली आणखी एक बारीक बेल्ट आला. मी फक्त चिठ्ठीबरहुकूम कापलं आणि शिवलं.

पुढच्या रविवारी मेघना ती बॅग घालून दिवसभर डोंगरात पळून आली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. संध्याकाळी आनंदाने फोन केला. मला नाही, नसरीनला.

*

मेघना प्रत्येक वस्तूचं वजन करते. स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घेऊनच दुकानात यायची. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला, कपड्यांची लेबलं कापलेली. माझ्याकडून बॅगचे लोंबणारे पट्टे कापून घेतले, तेही काट्यावर ठेवून बघितले आणि साठ ग्रॅम वाचले म्हणून आम्हाला चहा पाजला.

त्याच दिवशी सोपानकाकांची पहिली भेट झाली. काका पुनावळ्याचे, जुन्या घरातले. वय साठीच्या आसपास. लहानपणी गुरांमागे डोंगर पालथे घातलेले. त्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत, पण काकांची चाल तीच आहे. मेघनाला ते सकाळी टेकडीवर भेटायचे. ती पळत चढायची आणि काका चालत तिच्या पुढे निघून जायचे. शेवटी तिनेच त्यांना ग्रुपमध्ये ओढलं.

काकांनी काखेतून खताची रिकामी पिशवी काढली. ती पांढरी, विणलेल्या प्लॅस्टिकची असते ना, ती. स्वच्छ धुतलेली. म्हणाले, "ह्येला दोन पट्टं लाव. आमाला दुसरं काय नगं."

मी तोंडाला दोरी ओवली, खांद्याला फोमचे पट्टे लावले. मेघनाने काट्यावर ठेवली. मग काटा बंद करून परत चालू केला. परत ठेवली. काकांची बॅग तिच्या परदेशी बॅगच्या निम्म्यानेही भरली नाही.

तिचा जीव पुढच्या रविवारी भांड्यात पडला, काकांच्या बॅगमध्येही एक खोट निघाली. काकांच्या बॅगचा पळताना सळसळ-सळसळ असा आवाज येतो. दिवसभर तो आवाज ऐकून गोविंदचं डोकं उठलं. त्याने काकांना विनवलं, काका, काहीतरी करा, जंगलातली पाखरं उडून चाललीत.

काका म्हणाले, "बरंच हाय की. बिबट्याला बी कळंल, कोण आलंय."

तेव्हापासून अंधारून आलं की दोघं काकांच्या जवळ जवळ पळतात.

*

गोविंदची नवी बॅग मी बेतून शिवली होती. जड सामान दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून बसायला हवं, खाली लोंबता कामा नये, एवढं मला तोवर कळलं होतं. तरी तो सरावाहून आला आणि म्हणाला, डावीकडे ओढायलीय.

मी डावा पट्टा उसवून परत शिवला. पुढच्या आठवड्यात तीच तक्रार. या वेळी दोन्ही पट्टे उसवले, माप टेपने तीनदा तपासलं. वीस वर्षं शिवतोय, माझा हात असा वाकडा जाईल हे मला पटेना. घरी जेवणात लक्ष लागेना.

तिसऱ्या वेळी गोविंद मेघनाला घेऊन सरावाहून थेट दुकानात आला. मी बॅग टेबलावर उपडी केली. कपडे पडले, खाण्याची पाकिटं पडली, आणि डावीकडच्या आतल्या कप्प्यात, पंच्याच्या घडीत गुंडाळलेला, अख्खा नारळ.

गोविंदने तो पहिल्यांदाच पाहिला. घरी फोन लावला. त्याच्या बायकोने सरळ सांगितलं की दर वेळी डोंगरात कुठेतरी देऊळ लागतं, हा गडी पळत पुढे जातो आणि हात जोडत नाही, म्हणून निदान नारळ तरी देवाच्या दारावरून जाऊन येऊ दे. परत आला की ती कप्प्यातून काढून घ्यायची आणि पुढच्या वेळी ठेवायची.

मेघनाने आठवण करून दिली की आपण टूथब्रशचे दांडे कापतोय. गोविंदने नारळ हातात तोलून बघितला. मग मला म्हणाला, "भाई, उजवीकडं एक कप्पा करा. तिकडं पाण्याची बाटली ठेवतो. बरोबरीला येईल."

आणि मी केला. बॅग आता सरळ बसते. मला काय, माझी शिलाई चुकली नव्हती, एवढ्यावर मी खूश.

*

एकदा मेघना तिच्या मॅनेजरला घेऊन आली. त्यालाही तीन दिवस पळायचं होतं आणि कोणती बॅग घ्यावी हे कळत नव्हतं. मोबाइलवर वीस-बावीस बॅगांचे फोटो. मी सांगितलं, आधी सामान आणा, मग बॅग ठरवू. रिकाम्या बॅगकडे बघून काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सामान आणलं, तेव्हा गोविंद आणि काकाही दुकानात होते. माझं कापायचं टेबल भरलं, मग स्टूल भरलं, मग एका टेम्पोची नवी सीट भरली. गोविंद एकेक वस्तू उचलून विचारत होता, "हे नसलं तर मरताल का?" हवा भरायची उशी गेली. दाढीचं मशीन गेलं. घडीची खुर्ची गेली. शेवटी लॅपटॉपवर गाडी अडली.

मॅनेजर म्हणाला, "मी नाही मरणार, पण प्रोजेक्ट मरेल."

तिथे सगळ्यांनी समजूत घातली. काकांनी तर विचारलं, ह्यो डोंगरात कुणाला दाखवणार? अखेर लॅपटॉप घरी राहिला, जे उरलं ते एका छोट्या बॅगेत बसलं आणि मॅनेजर तीन दिवस पळून धडधाकट परत आला.

मोबाइल चालू केला तर ऑफिसचा एकही फोन येऊन गेलेला नव्हता. प्रोजेक्ट मजेत होता. मेघना सांगते, तो आठवडाभर उदास होता.

*

आता शेवटचा. हा मी पुढे स्वतःच सगळ्यांना सांगून टाकला, त्यामुळे चोरून काही सांगत नाही.

थंडीतली गोष्ट. गोविंद, मेघना आणि काका लोणावळ्याहून भीमाशंकरला निघाले होते, सह्याद्रीच्या धारेवरून, तीन दिवसांत. शुक्रवारी सकाळी सुटायचं आणि रविवारी दुपारी पोचायचं. गुरुवारी संध्याकाळी मी तिघांच्या बॅगांचे खांद्याचे जोड नव्याने पक्के करून दिले.

शुक्रवारी दुपारी मशीनवर बसलो आणि धाग्याकडे लक्ष गेलं. खांद्याच्या जोडाला मी जाड नायलॉनचा धागा वापरतो. आतल्या अस्तराला साधा सुती. दोन्ही काळे. मशीनवर सुती रीळ होतं.

गुरुवारी मध्येच एका रिक्षाचं अस्तर शिवायला घेतलं होतं, तेव्हा रीळ बदललं असणार. नंतर परत बदललं नाही. म्हणजे त्यानंतर जी बॅग हातात आली तिचे पट्टे सुती धाग्यावर. पण कोणती बॅग त्यानंतर आली, ते काही केल्या आठवेना.

फोन लावले. तिघांचेही बंद. डोंगरात रेंज नसते, आणि बॅटरी वाचवायला ते बंदच ठेवतात. सगळं पाणी, सगळं अन्न त्या दोन पट्ट्यांवर. कड्याच्या वाटेवर पट्टा तुटून बॅग दरीत गेली तर? किंवा अवघड जागी तोल गेला तर? शनिवारी मी एका कारच्या मागच्या सीटला पुढचं कव्हर घालायला निघालो होतो. नसरीन म्हणाली, इथे बसून काय करताय, जा.

रविवारी सकाळी सुई, टोच्या, नायलॉनचा धागा घेतला आणि मोटारसायकलवर राजगुरुनगरमार्गे भीमाशंकर गाठलं. जंगलातली वाट जिथे बाहेर येते तिथे एका दगडावर बसलो. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले. माकडांनी माझी बिस्किटं नेली तरी मी जागचा हललो नाही.

अडीचच्या सुमाराला गोविंद आणि मेघना झाडीतून बाहेर आले. मी त्यांची तोंडं बघितली नाहीत, खांदे बघितले. चारही पट्टे शाबूत.

"काका कुठायत?"

मेघना म्हणाली, काकांचा गुडघा कालपासून दुखतोय. ते मागून सावकाश येतायत, सोबत चालू देतच नाहीत, पुढे व्हा म्हणतात. पण बॅगची सळसळ ऐकू येत होती, प्रत्येक वळणावर थांबून हाक मारत होतो, काळजी करू नका. ती दोघं तिथेच बूट सोडून बसली. मी उलट्या वाटेला लागलो.

दोन वळणांवर सळसळ ऐकू आली. मग काका दिसले. उजव्या पायाने लंगडत, खांद्यावरून पंचा सोडलेला, एक हात डाव्या पट्ट्यावर. मला बघून थांबले.

मी जवळ जाऊन पंचा बाजूला केला. डावा पट्टा मुळातून सुटलेला होता, आणि परत शिवलेला होता. खताच्या पिशवीच्या बुडाशी जी पांढरी दुहेरी शिलाई असते, तिच्यातल्या एका ओळीचा धागा त्यांनी ओढून काढला होता. करवंदीच्या काट्याने भोकं पाडून त्यातून तो ओवला होता. टाके एकसारखे, एका ओळीत. मी मशीनवर याहून सरळ घालत नाही.

मी म्हणालो, "काका, माझ्या हातून..."

"ठावं हाय," काका म्हणाले. "गुडगा दुखतोय म्हनून सांगितलंय पोरास्नी. कुनी इचारलं तर तू बी त्येच सांग."

मी बॅग घ्यायला हात पुढे केला. त्यांनी घेऊ दिली नाही, अजून पोचायचं होतं. मग मी नुसता शेजारून चालत राहिलो, काका दोन्ही पाय सरळ टाकत होते. पुढचं वळण आलं आणि ते परत लंगडायला लागले.

पुढच्या आठवड्यात काका दुकानात बसले होते आणि मी त्यांचा पट्टा नायलॉनने शिवत होतो. मेघना आली. चिपळूणहून आईने पाठवलेलं गुडघ्याचं तेल घेऊन, खास काकांसाठी. मी पट्टा टेबलाखाली सरकवला. काकांनी बाटली हातात घेतली, वास घेतला, तोंडभर कौतुक केलं. मेघना समोर उभीच राहिली. मग काकांना लेंगा वर करावाच लागला. बसून ते मन लावून गुडघ्याला तेल चोळायला लागले.

मेघनाने वाकून बघितलं.

"काका, डोंगरात तर उजवा दुखत होता. हा डावा आहे."

काकांनी मान वर केली नाही. आणखी थोडं तेल हातावर घेतलं.

"दोनी माजंच हायेत, पोरी."